टाचेपेक्षा मोठी जखम

मित्रांनो, मी एक जुनी फूटपट्टी आहे. उगाच मोठेपणा सांगत नाही, पण माझे जेवढे फोटो निघालेत तेवढे एखाद्या नटीचेही निघाले नसतील. जखम कुणाचीही असो, फोटोत तिच्या शेजारी मी हवीच. मी नसेन तर विमा कंपनी त्या फोटोकडे ढुंकूनही बघत नाही. मी म्हणजे पुरावा! मी म्हणजे माप! आता त्यातल्या जवळजवळ सगळ्या फोटोंमध्ये माझ्या आकड्यांवर नर्सताईचा अंगठा आलाय, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यातला. मी आहे अर्ध्याच फुटाची, पण नाव मात्र फूटपट्टी. मला दोन कडा. एका कडेला सेंटीमीटर, दुसरीला इंच. दोघी जन्मापासून एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या, जशा एका घरातल्या दोन जावा.

शाळेत जाईन असं वाटलं होतं. गेले जखमांच्या सामानाच्या दुकानात. पुढे काउंटर, मागे एक लहानशी खोली, आणि त्या खोलीत कोडबाई. खरं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल. विम्याच्या कागदांवर जगातल्या प्रत्येक जखमेला एक कोड, म्हणजे ठरलेला नंबर असतो, प्रत्येक ड्रेसिंगला एक कोड असतो, आणि ते सगळे हिच्या जिभेवर. घरी सासूबाई पाय घसरून पडल्या, तेव्हा हिला आधी कोड आठवला, मग सासूबाईंना उठवायचं आठवलं.

काम असं चालायचं. नर्सताई पेशंटच्या घरी जाऊन मला जखमेशेजारी धरायची, माप लिहायची, फोटो काढायची. मग मला स्पिरिटनं अंघोळ घालून कोडबाईच्या टेबलावर आणून ठेवायची. कोडबाई जखमेचा कोड, ड्रेसिंगचा कोड आणि दोन्हींची मापं विमा कंपनीला कळवायची. सगळं जुळलं की सामान सुटायचं. नाही जुळलं की परत. मधल्या वेळात माझ्यानं चहा ढवळला जायचा, पाठ खाजवली जायची, अडकलेला ड्रॉवर उघडला जायचा. मी कधी तक्रार केली नाही. तक्रारीला कोड नव्हता.

आणि मग आले कंडक्टरमामा.

सगळी नोकरी बसमध्ये उभ्यानं काढलेला माणूस. साखरेच्या आजारानं टाच फुटली आणि मामा खुर्चीला खिळले. खुर्चीतूनही बायकोला "पुढे चला, पुढे चला" करायचे. डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फोमचं ड्रेसिंग चालू राहिलं तर टाच भरेल. ते थांबलं आणि जखम उघडी राहिली, तर पाय वाचेल असं मी म्हणणार नाही." मामींनी हे मामांना सांगितलं नाही. कोडबाईला सांगितलं.

"तू फक्त सामान थांबू देऊ नकोस गं," मामी म्हणाल्या.

"मामी, माझ्या हातचं काम आजवर परत आलंय का?" कोडबाई म्हणाली.

आलं. आठवड्याच्या आत आलं.

झालं होतं असं, की नर्सताईनं लिहिलं "सहा बाय चार." कशाचे सहा, ते लिहिलंच नाही. आता या धंद्यातली गंमत ऐका. जखम मोजतात सेंटीमीटरमध्ये, आणि ड्रेसिंगचा कोड ठरतो इंचांवर! दिवसभर ड्रेसिंगचे इंच टाकून टाकून कोडबाईच्या बोटांना वळणच पडलेलं. तिनं जखमेलाही इंच लावून टाकले.

कंपनीतून फोन आला. पलीकडे एक थंड आवाज. "बाई, एवढी जखम तर टाचेवर मावतच नाही. पेशंट हत्ती आहे का?"

कोडबाईचा चेहरा पडला. पण ती गप्प बसणारी नव्हती. "आजपासून या खोलीत इंचाचं नाव काढायचं नाही!" असं म्हणून तिनं एकूण एक माप सेंटीमीटरचं करून टाकलं. जखमेचंही आणि चार इंची ड्रेसिंगचंही. मी टेबलावर तळमळत होते. अगं बाई, एकाला ही कड लाव, दुसऱ्याला ती! पण फूटपट्टीचं ऐकतंय कोण?

पुन्हा फोन. तोच आवाज. "जखम सहाची आणि ड्रेसिंग चारचं? उरलेल्या जखमेनं काय छत्री घ्यायची? आता आमचा माणूस येऊन बघेल. त्याला पटलं तर ठीक, नाहीतर फाइल बंद."

तिकडे मामी शेवटची ड्रेसिंगं कात्रीनं अर्धी करून पुरवत होत्या. मामा विचारायचे, "आज एवढंसं का?" मामी म्हणायच्या, "नवीन फॅशन आहे."

तपासनीस साहेब आले त्या दिवशी कोडबाईही खोली सोडून मामांच्या घरी आली. नर्सताईच्या पिशवीत मी होतेच. साहेबांनी बूट काढले, घसा खाकरला आणि खिशातून काढला तो लोखंडी टेप. घरं मोजायचा!

"दुकानाच्या मापांवर आमचा विश्वास नाही," ते म्हणाले. "मी माझ्याच टेपनं मोजणार."

मामांनी पाय पुढे केला. "मोजा, साहेब. पडदे लावायचेत की फरशी घालायचीय?"

"अहो, गप्प बसा ना," मामी म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

साहेब वाकले. टेप ओढला. टाच मोजायची म्हणून थोडासाच ओढायचा होता, तर त्यांनी हातभर ओढला. कोडबाई "सांभाळून" म्हणेपर्यंत त्यांचं बटणावरचं बोट सुटलं. टेप सण्णकन परत आला, आणि साहेबांचा अंगठा कापूनच आपल्या डबीत शिरला.

"आई गं!"

मामींनी लगबगीनं खुर्ची दिली. मामांनी लगेच जागा करून दिली, सवयच ती. "सरका, सरका, साहेबांना बसू द्या!"

नर्सताईनं रक्त थांबवलं. मग, सवयच ती, तिनं मला अंगठ्याशेजारी धरलं आणि म्हणाली, "दीड."

साहेब पांढरे पडले. "दीड इंच?"

"सेंटीमीटर हो."

"मग हे ड्रेसिंग?"

"दोन इंचांचं."

साहेबांनी अंगठ्याकडे बघितलं, मग ड्रेसिंगकडे, मग माझ्याकडे. एकदा माझी ही कड, एकदा ती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दोन्ही कडा एका दमात वाचल्या.

"म्हणजे जखम सेंटीमीटरात आणि ड्रेसिंग इंचांत? हा कुठल्या गाढवाचा शहाणपणा?"

कोडबाई अगदी नम्रपणे म्हणाली, "तुमच्याच ऑफिसचा नियम आहे, साहेब."

मग मामा म्हणाले, "आमच्या बसमध्ये असं केलं असतं ना, तर अर्धी माणसं पोचलीच नसती, आणि उरलेली अर्धी पुढच्या गावाला गेली असती."

साहेब हसले. अंगठा दुखत असतानाही हसले. मग मी मामांच्या टाचेशी गेले. सहा आणि चार, सेंटीमीटर. ड्रेसिंग चार बाय चार, इंच. जखम झाकून चारी बाजूंना जागा उरली. फोटो काढला, आणि या वेळी कोडबाईनं नर्सताईचा अंगठा आपल्या हातानं बाजूला धरला. साहेबांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. "हॅलो, टाच माणसाचीच आहे. सामान सोडा. आणि हो, उद्यापासून आकड्यापुढे कशाचं माप ते लिहिल्याशिवाय एकही अर्ज घेऊ नका. आपल्या ऑफिसचा कागदही नको."

दुसऱ्याच दिवशी खोकी आली! मामींनी कात्री कपाटात टाकली. टाच भरत गेली. दर फेरीला मी मोजायची आणि दर फेरीला आकडा उतरायचा. पाच, मग तीन, मग दीड, आणि एक दिवस नर्सताईनं मला धरलं तर मोजायला काही नव्हतंच. मित्रांनो, मापाच्या जन्माला येऊन शून्य मोजण्यासारखा आनंद नाही!

मग एका सकाळी दुकानाच्या दारातून खणखणीत आरोळी आली, "चला, पुढे सरका, पुढे!" गिऱ्हाइकं दचकून खरंच पुढे सरकली. दारात कंडक्टरमामा उभे होते. दोन्ही पायांवर. मागे मामी, डोळे पुसत आणि वर ओरडतही, "अहो, हळू!" कोडबाई खोलीतून पळत आली आणि तिनं मला हवेत असं उंच धरलं, जशी काही मी ढाल जिंकून आणली होती.

म्हणून मित्रांनो, तुमच्या दप्तरात माझी एखादी बहीण पडली असेल तर तिला जपा. तिनं चहा ढवळू नका. आणि आकडा लिहाल तेव्हा त्याला आडनाव द्या. नुसता सहा म्हणजे कुणाचा कोण?

त्याच संध्याकाळी कोडबाईनं ठरवलं, की पुन्हा असा घोळ नकोच. जखम मोजताना इंच नजरेलाच पडू नयेत म्हणून तिनं माझ्या एका कडेवर जाड चिकटपट्टी लावून टाकली. घट्ट, दुहेरी, कधीही न निघणारी.

सेंटीमीटरच्या कडेवर.