आठाचे सोळा

संजीवनीबाई साताऱ्याहून परदेशात, हौगांगला, मुलगा निशिकांतकडे आल्या त्या नातीसाठी. बॅगेत मेतकूट, बाळगुटी आणि चिपळ्यांचा जोड. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भाजी चिरतानाही मनात कुठल्यातरी बुवांचा पूर्वरंग चाललेला असायचा. नात मैत्रेयी, नऊ महिन्यांची. दिवस भरायच्या दहा आठवडे आधी जन्मलेली, काचेच्या पेटीत राहून वाचलेली. देवाने दिली ती देवानेच राखली, असं बाई मानत. सून साधना मात्र अजूनही मुलीचा श्वास मोजायला उठायची.

त्यांच्याच इमारतीत नागपूरची एकता राहायची. तान्ह्या मुलांना कमी-जास्त कसं कळतं, याचा ती विद्यापीठात अभ्यास करायची. तिच्याच बोलावण्यावरून शनिवारी सगळे तिथे गेले. मैत्रेयीला साधनाच्या मांडीवर बसवलं. समोर पडद्यावर आठ ठिपके उमटले. मग पुन्हा आठ, जागा नि आकार बदलून. मूल कंटाळलं की एकदम सोळा दाखवायचे. एकताने समजावलं, की आठ आणि दहा त्यांना सारखेच वाटतात, पण आठाचे सोळा झाले की बाळं टक लावून बघत राहतात.

मैत्रेयीने आठाकडेही धड बघितलं नाही नि सोळाकडेही नाही. ती आईच्या ओढणीचं टोक चोखत बसली.

एकता हसून म्हणाली, की अशी कितीतरी मुलं निघतात, एकट्या मुलावरून काही ठरत नसतं. पण साधनाच्या मनात 'कळलं नाही' एवढंच राहिलं. परतताना मेट्रोत ती मुलीला छातीशी घट्ट धरून बसली. निशिकांतने थट्टा करून पाहिली, की पोरीच्या बापालाही बारावीपर्यंत गणित कळत नव्हतं.  घरी आल्यावर चपला न काढताच ती सासूला म्हणाली, "आई, पेटीत होती तेव्हाच डॉक्टर बोलले होते. मेंदूचं पुढे कळेल म्हणून. हेच ते 'पुढे' असेल का हो?"

संजीवनीबाईंनी नातीला उराशी घेतलं. वरवर मात्र त्या म्हणाल्या, की दृष्ट लागलीय पोरीला, दुसरं काही नाही.

दृष्ट त्या आल्यापासून रोज संध्याकाळी काढत. मिरच्या जाळल्या तर शेजारच्या आंटी खोकत दारात येत, म्हणून नुसती मीठमोहरी. मूठ सात वेळा ओवाळायची. मैत्रेयी कशी शांत बसायची! मूठ उजवीकडून डावीकडे जायची, पोर समोरच बघत राहायची. किती गुणाची गं माझी बाय, मान म्हणून हलवत नाही, असं बाई कौतुकाने सांगत. रविवारीही तसंच झालं.

मग त्यांनी देवापाशी दिवा लावला आणि चिपळ्या घेतल्या. मैत्रेयी चटईवर, त्यांच्याकडे पाठ करून. आवाज लागेना. म्हणून नुसताच ठेका धरला. आठ मात्रा, संथ. पुन्हा आठ. पोर आपली मूठ चोखत होती. नामाची लय चढली तसा सवयीने हात दुगुणीवर गेला, आठाच्या जागी सोळा.

मैत्रेयीचं चोखणं थांबलं. ती गर्रकन वळली.

बाईंनी पुन्हा संथ आठ धरले. पोर निवली, पुन्हा मूठ तोंडात. पुन्हा दुगुण. पुन्हा वळली. तिसऱ्या वेळी बाईंनी विठ्ठलाचं नाव घेतलं नि साधनाला हाक मारली. साधना पिठाच्या हातांनीच आली, दारात उभी राहून तिने दोनदा पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि तसाच विझला.

"मग ठिपके का नाही दिसले तिला?"

कालपासून ती 'कळलं नाही' म्हणत होती. आता 'दिसले' म्हणाली. तो एक शब्द ऐकला नि बाईंच्या हातातल्या चिपळ्या जड झाल्या. त्यांनी त्या न वाजवता, हातभर अंतरावरून मैत्रेयीपुढे हलवल्या. पितळी चकत्या दिव्याच्या उजेडात लखलखल्या. पोर समोरच बघत राहिली. चिपळी नाकाशी नेली तेव्हा कुठे हसली नि धरायला धावली.

न सांगण्याचा मोह बाईंना झाला. पण दिवा समोर होता.

"साधना, माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघतेय, हिचे डोळे मुठीमागे फिरत नाहीत. मी गुण समजले. दृष्ट लागली म्हणत बसले, दृष्टीकडे बघितलंच नाही."

साधना भिंतीला टेकून खाली बसली. पेटीतून घरी आणल्यावर डोळे एकदा तपासले होते, ठीक होते. पुढच्या तारखेला पोरीला ताप होता, आणि ती तारीख राहूनच गेली होती. "तुमची महिन्याची चूक, आई. माझी सहा महिन्यांची," ती म्हणाली. एकताला फोन केला. तिने आढेवेढे न घेता सांगितलं, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

सोमवारी डॉक्टरांनी मैत्रेयीच्या डोळ्यांत औषध घालून बराच वेळ तपासलं. तेवढा वेळ बाईंच्या ओठांवरचं नाम थांबलं नाही. डोळ्यांच्या आतला पडदा आज तरी जागेवर होता. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत तो सुटायची भीती असते, म्हणून दर तीन महिन्यांनी बघावं लागणार होतं. पण नंबर मोठा, उणे नऊ. हातभर लांबचं सगळं तिला नुसतं धुकं. डॉक्टरांनी एक भिंग तिच्या डोळ्यापुढे धरलं आणि काहीतरी हलवून दाखवायला सांगितलं.

बाईंच्या हाताला एकच हलवणं ठाऊक होतं. त्यांनी रिकामी मूठ वळली नि ओवाळली.

डोळे निघाले. उजवीकडून डावीकडे, मुठीमागे, हळूहळू, वाट चुकत, पुन्हा सापडत. साधनाने ओढणीआड हुंदका दाबला.

डॉक्टरांनी भिंग काढून घेतलं. चष्मा गुरुवारी मिळणार होता. मूठ अजून फिरत होती; डोळे मात्र मध्येच थबकले, समोरच्या धुक्यात. बाईंनी मूठ उघडली आणि नातीच्या अगदी नाकाशी नेली.

"आहे हो मी," त्या म्हणाल्या. "इथंच आहे."