पांढरा मणका

"तीनदाव झोपाडं भाऊ. मना फोटू बिघडना का?"

टेबलावर आडव्या पडलेल्या कौतिक आबांनी विचारलं. झुलालने आधीच्या दोन्ही फिल्म पुन्हा उजेडाशी धरल्या. धुळ्याच्या त्या दवाखान्यात तो अठरा वर्षं एक्स-रे काढत होता आणि आपल्या हाताचा त्याला भारी तोरा होता. पण आबांचा कमरेचा मणका दोन्ही फिल्मवर खडूसारखा पांढरा आला होता. फिल्म धुवायचा डेव्हलपर शिळा झाला असं ठरवून त्याने नवा कालवला. तिसरी फिल्मही तशीच आली.

ती ओलीच घेऊन तो डॉक्टर हीरालालांकडे गेला. त्यांनी ती खिडकीशी धरली.

"बाजूचं मांस बघ, नीट काळं आलंय. हे हाडच पांढरं आहे. मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर रक्तातून इथे आलाय. दुसरे कॅन्सर बहुधा हाड पोखरतात, हा हाडालाच कामाला लावतो. हाड थरावर थर रचत सुटतं आणि हा त्यातच घर करून वाढतो."

झुलाल थक्क झाला. रोग म्हणजे नासणं, एवढंच त्याला ठाऊक होतं. इथे शरीर आपल्याच वैऱ्याला इमानाने घर बांधून देत होतं. त्याला भीती वाटली, तरी फिल्मवरची नजर हलेना.

"वृषणांतल्या संप्रेरकावर हा पोसतो. ते काढले तर त्याचं खाद्य तुटेल," डॉक्टर म्हणाले. "दुखणं थांबेल. वर्ष-दोन वर्षं मिळतील. तुमच्या बोलीत तूच सांग त्यांना."

आबा विहिरी बांधणारे गवंडी. पिंपळनेरकडची एक विहीर काठाशी येऊन अडली होती, कारण त्यांना वाकवत नव्हतं. झुलालने खालमानेने सगळं सांगितलं. आबा बराच वेळ फिल्म निरखत राहिले.

"इतलं रची टाकं, मंग पक्कं व्हयनं का?"

"नही आबा. ठिसूळ शे."

आबांनी तोंड वाकडं केलं. शिकाऊ गड्याचं काम बघताना ते असंच करत असावेत.

"काढी टाका," ते म्हणाले. "वाकता उनं म्हंजे व्हयनं."

शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने एका रविवारी झुलाल एस.टी.ने त्या विहिरीवर गेला. काठापर्यंत रचायचे तीनच थर उरले होते. आबा पायाडाच्या फळीवर चक्क वाकून उभे होते, आणि दोन गडी त्यांच्या सांगण्यावरून वरचे दोन थर उचकटत होते.

"आबा, बांधेल का तोडी ऱ्हायनात?"

"कंबर दुखे जवय लायेल शेतस ह्या थर. कच्चा राही ग्यात."

दिवस किती उरलेत हे त्यांना झुलालनेच सांगितलं होतं. आबांनी उघडी पडलेली जागा तळव्याने पुसली, आणि पुन्हा ओळंबा सोडला.