मणी बाजूला ठेवला तेव्हा

माझ्या थोरल्याला दोन कॉलेजांनी पदव्या दिल्या, अक्कल मात्र एकानेही दिली नाही. नाहीतर घरात मणीबाबा आणून त्याने बापाच्या गोळ्या बंद केल्या नसत्या.

यांना विसरण्याचा आजार. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस, आता मलाच विचारतो, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" घास पुढे धरला की तोंड फिरवतो. हे गप्प झाले, तसे आम्हीही घरात दबकून वावरायला लागलो.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत अर्धी गल्ली जमलेली. बाबाने यांच्या कपाळाला काळा मणी टेकवला. कोपऱ्यात शिष्याने ढोलकीवर एक जुनं गाणं उचललं आणि यांचा पाय खालीवर होऊ लागला, मशीनच्या पायट्यावर व्हायचा तसा. शेजारणींनी हात जोडले. बाबा म्हणाला, मण्याने मेंदूची कुलपं उघडतात, गोळ्यांनी पुन्हा बसतात. यांना आता मठातच राहू द्या. थोरला लगेच बॅग भरायला उठला.

मी चौथी शिकलेली. पण आमच्या दुकानात कोपरा भिजवून रंग जातो का ते बघितल्याशिवाय कापडाला कात्री लागत नसे.

"बाबा, कोपरा भिजवून बघू," मी म्हणाले. "मणी कपाळाला टेकवा, पण ढोलकी आणि गाणं थांबवा."

पाय ढिम्म. बाबाने मणी कानशिलावर फिरवला, डोळे पांढरे केले, फुंकर मारली. यांनी जांभई दिली. मग म्हणे, अविश्वासू बाईमुळे शक्ती अडते. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तरी पाय हलेना.

बाहेर आले, बाबाला मणी बाजूला ठेवायला लावला आणि यांच्यासमोर बसून तेच गाणं म्हटलं. कापड बेतताना हे गुणगुणायचे ते. माझा आवाज म्हणजे फुटकं भांडं. पण पाय सुरू झाला. यांनी आठ्या घातल्या.

"सुरात म्हण ना," हे म्हणाले.

कित्येक महिन्यांनी मी परकी बाई नव्हते.

बाबा मणी खिशात घालून निघाला. डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं: नावं पुसली गेली तरी जुनी गाणी टिकतात, समोर बसून कुणी गायलं की माणूस खुलतो, शांत होतो. आजार जात नाही. आम्ही ऐकलं आणि विसरलो, आजार नसताना. संध्याकाळी मी पुन्हा 'बाई' झाले, पण यांनी ताट संपवलं.

थोरला बॅग रिकामी करत पुटपुटला की त्याने बापासाठीच केलं.

"माया कळते रे तुझी," मी म्हणाले. "पण मायेला डोळे लागतात. गोळ्या वेळेवर दे आणि रोज इथं बसून बापासाठी गा. गळा त्याचा मिळाला नसला तरी चालेल. डोकं तरी स्वतःचं वापर."