गाळणीत उरलेलं जेवण

मित्रांनो, मी मिक्सर आहे. जुना, पिवळट पडलेला, तीन भांड्यांपैकी एकच शाबूत असलेला. त्याचंही झाकण तडकलंय, ते हाताने दाबून धरावं लागतं. आवाज मात्र अजून ठणठणीत आहे. मी सुरू झालो की शेजारची कुत्री उठून बसतात.

कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या काचेमागे काही दिवस नवरदेवासारखा मिरवलो. मग एका सुताराने बायकोसाठी मला विकत घेतलं आणि बसमधून मांडीवर घेऊन गावी आणलं. आयाबाया वाटण घेऊन यायच्या, माझं कौतुक करायच्या. सुतार मात्र खेकसायचा, "बंद कर गं तो रणगाडा! करवतीने कान फुटले नाहीत, ते हा फोडणार." तरी माझ्यासाठी ओट्यालगत फळी त्यानेच ठोकली, आणि मी थरथरू नये म्हणून पायांखाली रबराचे तुकडेही लावले.

पुढे त्यांची मुलगी सासरी गेली. दोघांच्या स्वयंपाकाला माझी गरज उरली नाही आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण ज्या कारणासाठी मला खाली उतरवलं ते कळलं, आणि वाटलं, वरच पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

सुताराला तोंडाचा कॅन्सर झाला होता. शहरातल्या दवाखान्यात त्याची अर्धी जीभ काढली. बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून पोटापर्यंत बारीक नळी बसवली. भात, डाळ, उकडलेलं गाजर, अंडं, सगळं मी एकजीव करायचं, मालकिणीने ते गाळायचं आणि मोठ्या सिरिंजने नळीत सोडायचं. एवढासा कण राहिला तरी नळी तुंबायची आणि पुन्हा शहराकडे धावाधाव. म्हणून ती गाळलेलंच परत गाळायची.

गाळणीत चोथा उरायचा. तो ती माझ्यासमोर उभ्या उभ्या खाऊन टाकायची. तेच तिचं जेवण. त्याला घास घेता येत नाही, मग त्याच्या नाकासमोर आपण फोडणी कशी द्यायची, असं तिच्या मनाने घेतलं होतं. कढई पालथी पडली ती पडलीच. घराला घराचा वास उरला नाही, नुसता औषधांचा.

भेटायला माणसं यायची. खाटेशी बसून हळहळायची, "धीर धरा" म्हणायची आणि तिच्या हातचा चहा पिऊन जायची. "तू कशी आहेस?" असं तिला कुणी विचारलं नाही. सगळे गेले की ती मला रिकामंच चालू करायची आणि माझ्या आवाजाआड रडून घ्यायची. माझ्या मोठ्या गळ्याचा तिला एवढाच उपयोग झाला, याचं मला समाधानही वाटतं आणि दुःखही.

एका दुपारी सुताराने नळी मुठीत दाबून धरली. ती सिरिंज घेऊन उभी, आणि तो मान हलवून नको म्हणतोय. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अहो, सोडा ना. असं काय करता?" ती विनवत राहिली. मग तिचा बांधच फुटला. "जगायचंच नाही का तुम्हाला? मग मी कोणासाठी मरमर करतेय?" ती मटकन खाली बसली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता.

तेवढ्यात गावच्या दवाखान्यातली नर्सताई नळी बघायला आली. तिने सुताराकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या बाईकडे.

"काकू, आज काय जेवलात?"

"जेवले की."

धाडकन सुताराने खाटेवर पंजा आपटला. त्याच्या खाटेवरून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. त्याने गाळणीकडे बोट केलं, तिच्या तोंडाकडे केलं आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले. मग पालथ्या कढईकडे बोट दाखवून नाक वर केलं आणि लांब श्वास ओढला.

नर्सताईचे डोळे भरून आले. "काकू, काकांना जगायचंय. पण तुम्ही जेवल्याशिवाय ते काही घेणार नाहीत. आणि त्यांना फोडणीचा वास हवाय."

"वास? अहो, तुम्हाला त्रास नको म्हणून तर मी..." ती सुताराकडे वळली.

नर्सताईने स्वतः कढई चढवली. तेलात कांदा पडला, त्यावर अंडं. चुर्र झालं तसे सुताराने डोळे मिटले. मालकीण ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. पहिला घास तिला गिळवेना. तो बोटाने खुणावत राहिला, अजून, अजून. ताट रिकामं झालं तेव्हा कुठे त्याने मूठ सोडली.

दुखणं हटलेलं नाही, मित्रांनो. गेल्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले ते तिने कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन मला बराच वेळ रिकामंच चालवलं. पण आता बाजाराच्या दिवशी शेजारचा माणूस सुताराजवळ बसतो आणि ती नर्सताईकडे जाते. घरी असंच माणूस सांभाळणाऱ्या बायका तिथे जमतात. कुणी नळी धुवायची युक्ती सांगते, कुणी नुसतीच रडते. परत येते तेव्हा तिच्या पावलात जरा जीव असतो.

यंत्राची निगा राखा, हे सांगायला मी तोंड उघडलं नव्हतं. आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा निघण्याआधी स्वयंपाकघरात डोकवा. तिथल्या बाईला विचारा, "जेवलात का?" ती हो म्हणेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिचं ताट वाढा आणि ते संपेपर्यंत तिच्याजवळ बसा.