अकरा सरावाच्या विटा

जेवण झालं की कुरोसेसाहेब काडीने दात कोरत माझ्या टेबलाशी येतात, आणि काडीला जे लागतं ते एकदा निरखून पाहतात. मला शिसारी येते. त्या दिवशी त्यांनी त्याच काडीने समोरचा कागद दाखवला.

"मिनोबेबाई, शिक्का मारा. ओसाकाच्या ओतकामवाल्यांना आजच पाठवायचाय."

बिझेनच्या आमच्या कारखान्यात भट्टीच्या अस्तराच्या विटा होतात आणि त्या तपासायचं काम माझं. एरवी वीट भाजायला दोन दिवस आणि सतराशे अंशांची धग लागते. साहेबांनी नवं यंत्र आणवलं. भट्टी नऊशेवरच ठेवायची आणि विटेच्या दोन टोकांना विजेचा दाब द्यायचा. वीट आतूनच तापते आणि अर्ध्या मिनिटात घट्ट होते. होते, खोटं कशाला बोलू? पण वीज फार लबाड. एक सोपी वाट सापडली की सगळी तिथूनच धावते. बारा विटा केल्या होत्या. मी कापून बघितल्या तर अकरांच्या पोटात वितळलेली रेघ, आणि कडा इतक्या कच्च्या की नखाने पीठ पडावं.

साहेबांच्या अहवालात एकच वीट होती. बारावी, चांगली निघालेली.

"बाकीच्या अकरा कुठायत?" मी विचारलं.

"त्या सरावाच्या."

"बाराही एकाच सकाळी केल्यात. सराव नेमका कधी संपला?"

"अहो, लग्न जमवताना मुलीचा शिंकतानाचा फोटो पाठवतं का कुणी?" साहेब स्वतःच खिदळले.

"ओसाकाच्या त्या भट्टीत लोखंडाचा रस असतो, साहेब. अस्तर फुटलं तर खाली माणसं उभी असतात."

"निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. नको तिथं नाक कशाला खुपसता?"

मी खणातून माझा अहवाल काढला. त्यात बाराही विटा होत्या. त्याच्यावर शिक्का मारून तो पुढे केला. साहेबांनी शिक्का पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"बघा, कसा वाकलाय! तोंड कितीही चालू दे, हाताला रीत कळते."

आमच्याकडे खालच्या माणसाने आपला शिक्का साहेबांच्या चौकटीकडे जरा कलता मारायचा, नमस्कार केल्यासारखा. एकतीस वर्षं मी तसाच मारत आले, आणि आज भांडतानाही तो तसाच उठला होता. साहेबांची किळस त्यापुढे काहीच नाही. मला माझ्याच हाताची ओकारी आली.

त्या शिक्क्यावर मी दोन रेघा ओढल्या. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि शेजारी दुसरा मारला. सरळ.

"हे काय करून ठेवलंत? खाडाखोड दिसली की गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं!"

"विचारू दे की. तुमच्या त्या कागदावर माझा शिक्का पडणार नाही." मी माझा अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. "मारा आता तुमचा. आणि माझ्याकडे वाकवू नका, तेवढं बघा."