क्लाइव्हच्या तीन ओळी

"उणे सात भागिले दोन," व्हर्ना पास्को मोठ्यानं म्हणाली आणि कळ दाबली. अपूर्णांक सोडून पडद्यावर उणे तीन यायला हवं होतं. आलं बत्तीस हजार सातशे चौसष्ट.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. पुन्हा कळ दाबली. तेच.

"सकाळपासून किती फेऱ्या झाल्या तुझ्या? जाजम झिजेल," दारातून तिचा नवरा डेस म्हणाला. खेकडे धरायचं दाताळं त्याच्या खांद्यावर होतं. "ओहोटी लागलीय. येतेस का?"

"सेफो खरं सांगत होता, डेस."

डेसनं दाताळं भिंतीला टेकवलं.

वॉलरू बंदरावरच्या धान्यकोठारातून निवृत्त होऊन व्हर्नाला चार वर्षं झाली होती. तिथल्या वजनकाट्याचा संगणक ज्या जुन्या प्रणालीवर चाले, ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. पण यंत्रं बुडत नाहीत, चालत राहतात. त्यांच्यासाठी नवा प्रोग्राम लिहायचा, तर तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर लागतो. तो व्हर्ना आणि क्लाइव्ह हॉकिंग बावीस वर्षं फुकट सांभाळत आले होते. क्लाइव्ह दोन वर्षांपूर्वी गेला. जूनमध्ये आलेली आवृत्ती तिनं एकटीनं काढलेली पहिलीच.

ती सामोआतल्या सेफोनं वापरली; सवाई बेटावरच्या मच्छीमार संस्थेच्या शीतगृहाचा प्रोग्राम तो लिहायचा. तापमान शून्याखाली गेलं, भागाकार चुकला, असला आकडा पाहून तापमापकच बिघडला असं नियंत्रक यंत्रानं ठरवलं आणि गारवा बंद केला. रविवार होता, सगळं गाव चर्चमध्ये. वीस होड्यांची मासळी कुजली. दोष कंपायलरचा असावा असं सेफोनं फोन करून सांगितलं, तेव्हा व्हर्ना म्हणाली होती, "बाळा, तुझ्याच प्रोग्रामात काहीतरी राहिलं असणार. आमचा कंपायलर असं करत नाही."

चूक आपल्याच प्रोग्रामची असणार, असं त्यानं संस्थेला जाऊन सांगितलं. संस्थेनं त्याला कामावरून काढलं.

"क्लाइव्हचंच काम ना ते भागाकाराचं?" डेसनं विचारलं. "मग घाल त्याच्या नावावर. तो काय उठून भांडायला येणार आहे?"

"त्यानं तिथं तीन ओळी लिहिल्या होत्या. आकडा उणे आहे का ते बघायच्या. मला वाटलं उगाच आहेत. मी काढल्या."

"तपासलं नव्हतंस?"

"तपासलं. वजनाच्या आकड्यांवर. गहू कधी शून्याखाली जात नाही, डेस."

डेसनं चहाचं पाणी ठेवलं. खेकडे धरायला तोही गेला नाही.

तिन्ही ओळी जागच्या जागी घालून तिनं दुपारपर्यंत नवी आवृत्ती बांधली. निवेदन लिहायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. आधी लिहिलं, 'भागाकारात दोष आढळला.' ते खोडलं. 'दोष राहून गेला.' तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'क्लाइव्ह हॉकिंगच्या ओळी बरोबर होत्या. त्या मी, व्हर्ना पास्कोनं, न समजता काढल्या. जूनची आवृत्ती कोणीही वापरू नये.' आवृत्ती सोडली आणि फोन उचलला.

"सेफो, चूक माझी होती. तुझी नाही."

पलीकडे कोंबडे ओरडत होते. सेफो म्हणाला, "मावशी, त्या वीस होड्यांत माझ्या मेहुण्याचीही होडी होती. तावीताची. तो माझ्याशी बोलत नाही."

"मी पत्र लिहिते. संस्थेच्या अध्यक्षांना."

"लिहा. पण मी सांगितलं म्हणून लिहिलंत असं वाटायला नको."

"तू कुठं सांगितलंस? मी आधी तुझं ऐकलंसुद्धा नव्हतं."

तो हसला नाही.

पत्र गेलं. अध्यक्षांनी ते सभेत वाचून दाखवलं, असं सेफोनं कळवलं. पण त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता आणि त्या नव्याला काढणं संस्थेला बरं वाटेना. सेफो होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. व्हर्नाची तगमग काही थांबली नाही. जेवता जेवता उठून ती जुन्या फाइली उघडायची, आपण आणखी काय काय काढलं ते शोधायची.

तीन आठवड्यांनी सेफोचं पत्र आलं. 'नव्या माणसाला नवी आवृत्ती बसवून दिली. तुमच्या चाचण्यांसाठी शीतगृहातले चाळीस आकडे पाठवतो. दर तासाला आत जाऊन घेतलेत.' खाली चाळीस आकडे, सगळे शून्याखालचे. शेवटी एक ओळ होती: 'तापमापक धरला तावीतानं, लिहून मी घेतलं.'

तिनं ते आकडे चाचण्यांत घातले. वर दोघांची नावं लिहिली, आधी तावीताचं, मग सेफोचं. चाचणी सुरू केली आणि चाळिसावा आकडा बरोबर येईपर्यंत खुर्चीतून हलली नाही.