सोमवारपर्यंत सोडायचं नाही

"शिवबाई, तुमच्या मुठीत काय हाय?"

विचारलं एकदाचं. मागे चिंचेखाली शमशाद आणि यल्लू एकमेकींच्या आडून बघत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. मी नुकतीच खो-खोच्या संघाची कप्तान झाले होते, नववीतली असून दहावीच्या पोरींवर हुकूम सोडत होते, त्यामुळे माझं नाक जरा वरच होतं. ते शमशादला बघवेना. म्हणाली, "बडी आयी कप्तान. जा, शिवबाईला इचारून दाखव. तर मानू."

शिवबाई म्हणजे आमच्या शाळेत पाणी भरणारी आणि घंटा देणारी बाई. कानडी वळणानं प्रत्येक पोरीला 'यव्वा' म्हणायची. सगळं काम डाव्या हातानं. उजवा हात कायम पदराखाली, मूठ घट्ट मिटलेली. त्या मुठीबद्दल आम्ही पाचवीपासून काय काय ऐकत आलो होतो. कुणी म्हणे तिच्यात नवऱ्याची अंगठी आहे, कुणी म्हणे मेलेल्या बाळाची नाळ. यल्लूच्या आजीच्या मते तर मंतरलेली सुपारी, आणि ती बघणाऱ्या पोरीचं लग्न मोडतं. लग्न मोडतं म्हटल्यावर मला आणखीच चेव आला.

मला वाटलं, आता ही बादली अंगावर ओतणार. तिनं बादली खाली ठेवली, पदर बाजूला केला आणि हात माझ्यापुढे धरला.

"घे यव्वा. उघडून बघ."

मनगट आत वळलेलं, बोटं तळव्यात रुतलेली. मी एक बोट धरून ओढलं. वाळलेल्या काटकीसारखं ते हललंसुद्धा नाही. आणखी ओढलं असतं तर मोडलं असतं. आत वाकून पाहिलं, तर तळव्याला तिच्याच नखांचे व्रण. बाकी काही नाही.

"काय न्हाय की."

"मी कवा म्हनले काय हाय म्हनून?"

"मग मूठ कशाला मिटलीया?"

"मी कुटं मिटली? हात मोडला व्हता, बांदला, असा झाला. जा आता, तास सुरू व्हईल."

चिंचेखाली आल्यावर शमशादनं विचारलं, "क्या था?"

"काही नाही."

"झूट. तू छुपाती है."

म्हणजे पैज जिंकूनही मी हरलेच. पण त्या दिवसापासून माझं लक्ष सारखं शिवबाईकडे जायला लागलं. मधल्या सुट्टीत ती टाकीमागे भिंतीकडे तोंड करून जेवायची. एकदा मी डबा घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले. ती सरकली. मी पण सरकले.

"हितं नको बसू. डाव्या हातानं जेवनाऱ्या बाईसंगं बसू न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पंगतीत बसले की शेजारची उटती. हळदी-कुकवाला बोलावून तरी काय करत्यात? डाव्या हातानं कुकू लावून घेनार हाय का कुनी?" हे ती अगदी सहज, भाकरी मोडत म्हणाली. डाव्या हातानं भाकरी मोडायची तिची एक रीत होती. गुडघ्यावर फडकं, फडक्यावर भाकरी, आणि अंगठ्यानं दाबून तुकडा.

तिचा नवरा शरणप्पा होटगीला रेल्वेत होता. हात गेल्यावर त्यानं दुसरी बायको केली. "त्याचं तरी काय चुकलं? भाकरी कोन थापनार?"

"आणि तुमची कोण थापतं?"

"मीच की, एका हातानं. जरा वाकडी येती. पन माज्याशिवाय बघतंय कोन?"

ती भवानी पेठेत एका खोलीत राहायची. मी विचारलं, रविवारी काय करता. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं, जणू मी गणित घातलं होतं. मग म्हणाली, "रविवार लई लांब आसतोय, यव्वा."

त्यानंतर काही दिवसांनी सरावात मी खांबाकडे सूर मारला. खांब धरायचा सुटला आणि उजवा हात अंगाखाली आला. उठले तर मनगट भलतीकडेच वळलेलं.

माझे आण्णा मिलमध्ये फिटर. निरोप मिळताच ते आले आणि मला सायकलवर बसवून थेट कोंडीबा वस्तादाच्या तालमीत घेऊन गेले. आमच्या गल्लीत हाड मोडलं की वस्ताद, हा काही विचार करायचा विषयच नाही. पैसा घेत नाही, एक नारळ घेतो. आण्णांचा निखळलेला खांदा त्यानंच बसवला होता आणि त्याच खांद्यावर त्यांनी पुढे मिलमधली लोखंडं वाहिली. वस्तादानं माझा हात ओढला, आत कट्‌ झालं, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग अंड्याचा पांढरा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर चिंधी, आणि चिंधी ओढून ओढून गाठ.

"सोमवारी मी सोडीन," वस्ताद म्हणाला. "तवर कुनी हात लावायचा न्हाय. दुकंल. दुकू द्या."

सायकल हाणत आण्णा म्हणाले, "वस्तादाची गाट दुसऱ्यानं सोडली की गुन जातोय. मी बी लई वरडलो व्हतो, पन सोडलं न्हाय. म्हनून हा खांदा हाय."

रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. कुणीतरी आत बसून घणाचे घाव घालत होतं. आईनं मांडीवर डोकं घेतलं, पण हात काही तिला मांडीवर घेता येईना. मी म्हणत होते, लई आवळलंय, आणि ती म्हणत होती, आवळल्याबिगार हाड धरंल का, बाई.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका चक्क कमी झाला. दुपारपर्यंत थांबलाच. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "गुन आला." मी तर उड्याच मारायच्या बाकी होते. हात गळ्यात अडकवून, आई नको नको म्हणत असताना मधल्या सुट्टीला शाळेत हजर. अशी मोठी जखम झालेली शाळेला दाखवायची नाही तर काय करायचं?

पोरींनी कोंडाळं केलं. शमशादनं माझ्या बोटाला चिमटा काढला. "दुखता?"

"कधी काढला?"

सगळ्या हसल्या. कप्तान लई धीट, म्हणाल्या. मीही हसले. मग शमशादनं पुन्हा काढला, आता मी बघत होते. तिचं नख माझ्या बोटात रुतलेलं मला दिसत होतं आणि ते बोट माझं नव्हतं. मी हसायची थांबले. त्या हसतच होत्या.

शिवबाई टाकीमागे होती. तिनं माझ्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला.

"दुकतंय का?"

"काल लई दुखत होतं. आज अजिबात नाही."

वाटलं, ती आईसारखीच देवाचं नाव घेईल. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. तिच्या मागे पाण्याचा माठ होता. मी डावी बोटं त्यात बुडवली. गार. उजवी बुडवली. काहीच नाही. पाणी आहे की हवा आहे, तेही कळेना. बाहेर काढून दोन्ही हात शेजारी शेजारी धरले. डाव्या हाताची बोटं नेहमीची, उजव्याची सुजलेली आणि नखं जांभळी. हलव म्हटलं तर एकही हलेना.

"तुमचं पन असंच झालं व्हतं?" घाबरले की माझी शाळेतली भाषा सुटते.

"व्हय. पैल्या राती रडले. मग दुकायचं थांबलं. सासू म्हनली, गुन आला. मला बी वाटलं, आला आसंल. बोटं कुना दुसऱ्याची लावल्यावानी झालती. म्हनले तसं घरात. पन बोटं माजी, त्यास्नी काय समजनार? शानी मानसं व्हती सगळी. मी न्हाय सोडलं."

"मग मी सोडू?"

तिनं मान फिरवली.

"शिवबाई, सोडू का म्हनते मी."

"ते मला इचारू नगं."

"का?"

"पेठेत एकीला सांगितलं व्हतं, सोड म्हनून. तिनं सोडलं. हाड सरकलं, पाय आकूड झाला. तिची मानसं दारात यिऊन काय काय बोलून गेली. सवताचं वाटोळं झालं, आता दुसऱ्याचं करती, म्हनले. कुनाचं सोडावं, कुनाचं सोडू न्हाय, मला काय कळतंय? मला माजंच कळलं न्हाय."

"तुमी घरी चला माझ्या. आईला नुसतं दाखवा तुमचा हात."

"मी? न्हाय यव्वा. मला बगून तुजी आई आनकी भिईल." तिनं घास उचलला, पण खाल्ला नाही. मग उठून घंटेकडे गेली. ठोके दिले आणि मुली वर्गात पळाल्या.

ग्राउंडवर मी एकटीच. इतकी वर्षं मला शाळेत एकटं कधी वाटलं नव्हतं, माझ्याभोवती कायम घोळका. आता शमशादला सांगावं तर ती हसणार, मास्तरांना सांगावं तर ते म्हणणार, वडिलांना विचार. वडील म्हणणार, वस्तादाला विचार. वस्ताद म्हणणार, सोमवारी. आणि या सगळ्यांपैकी कुणाचीच बोटं बधिर झालेली नव्हती. हाड सरकलं तर हात वाकडा जुळेल. नाही सोडलं तर? दोन्हीकडून भीतीच. पण वाकड्या हाताला निदान गार-गरम तरी कळेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, तेवढंच माझ्याजवळ होतं.

घरी गेले. आई नळावर होती. आण्णांची पाळी सुटायला थोडा वेळ होता. मी आईची कातर घेतली, उंबऱ्याजवळ उजेडात बसले आणि हात पाटावर ठेवला. डाव्या हातानं कातर चालवणं म्हणजे काय, ते तोवर मला ठाऊक नव्हतं. चिंधी अंड्यानं कडक झालेली, पात्यात येईना. एकदा टोक कातडीत शिरलं, रक्त आलं, आणि मला कळलं नाही. ते रक्त बघून मी कातर आणखी घट्ट धरली. मी गाठीला हात लावला नाही, बाजूनं चिंधी कापत गेले.

शेवटचा पदर सुटला आणि कामट्या सैल पडल्या. त्यांचे वळ इतके खोल होते की बोट आत बसलं असतं. मनगट मी हलवलं नाही. कामट्या फेकल्याही नाहीत. आईच्या जुन्या पातळाची पट्टी फाडून, एक टोक दातात धरून त्या सैल, नुसत्या आधारापुरत्या गुंडाळल्या.

मग बसून राहिले. काहीच होईना. बाहेर कुणाच्या तरी हातमागावर खटखट चालू होती, तेवढाच आवाज. खूप उशीर केला का मी, असं मनात आलं, आणि तेवढ्यात करंगळीत मुंग्या आल्या. मग अंगठ्यात. मग सगळा हात असा पेटला की मी ओरडले. दुखतंय, आई गं, दुखतंय. रडत होते आणि हसत होते, आणि बघायला कुणीच नव्हतं.

आण्णा आणि आई एकदमच दारात आले. आण्णांनी सायकल भिंतीला लावली, ती पडली, त्यांनी उचलली नाही. जमिनीवर वस्तादाची गाठ तशीच्या तशी पडली होती.

"कुनी सोडलं?"

"मी."

"सोमवार न्हाय कळत तुला?" त्यांचा आवाज चढला नाही. खालीच गेला. "वस्तादाला मी काय तोंड दाखवू?"

आई घागर काखेतून न उतरवता उभी होती. "कुनी शिकवलं हे? तू जिच्याशेजारी जेवायला बसतीस त्या पान्याच्या बाईनं?"

"तिनं न्हाय. तिनं सोड म्हनलंच न्हाय. कुनीच म्हनलं न्हाय."

मी उठले. हात छातीशी धरला, चप्पल पायात सरकवली, एकीचा अंगठा निसटला तो भिंतीला टेकून बसवला.

"आण्णा, मी सिव्हिलला चाललीय. हाड परत बसवायला लागलं तरी चालंल, हात वाकडा राहिला तरी चालंल. तुमी सायकल काढली तर बरं हुईल. न्हाय काढली तर चालत जाते."